सहासष्ट अनारसे

अनारसे सहासष्ट होते. खंडेरावांनी मोजले नव्हते. मोजले होते ते भाग्यश्रीने, धाकट्या सुनेने, आणि तेही ओट्यावर त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. आत्याबाई, बरोबर झाले. वरचे चार आपल्या पूजाला ठेवते."

खंडेराव नुकतेच मळ्यातून आले होते. फटफटल्यापासून गुलाब तोडायचे, जुड्या बांधायच्या, टोपल्या धाकट्या मुलाच्या, महेशच्या मोटारसायकलला लावून द्यायच्या, हा रोजचा शिरस्ता. महेश फुलबाजाराकडे गेला होता आणि ते हातपाय धुऊन चहाची वाट बघत बसले होते. अंगठ्यात एक काटा रुतला होता, तो दातांनी काढायचं त्यांचं चाललं होतं. सहासष्टचा आकडा कानावर पडला तसा त्यांनी हात खाली घेतला.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं, ते तेहेतीस अनारशांचं. मैनाचं लग्न झाल्यापासून दर तिसऱ्या वर्षी, अधिक महिना आला की विंचूरच्या पुंजारामला या घरातून धोंड्याचं बोलावणं जायचं, त्यात कधी खंड पडला नव्हता. मुलगी एक, जावई एक, अनारसे तेहेतीस. यंदा अधिक श्रावण होता आणि डबे दोन भरले होते.

नवसाबाई चहा घेऊन आल्या. कपबशी पुढे ठेवून त्या लगेच वळल्या, यावरूनच खंडेरावांना काय ते कळलं.

"थांब जरा. दुसरे तेहेतीस कोनाचे?"

"छायाचे," नवसाबाई म्हणाल्या. "म्हंजे शेखररावांचे. दुपारपर्यंत येत्याल ते. पूजाला घेऊन."

"मला इचारलं नाय."

"इचारलं आसतं तर हो म्हनले आसते का?"

"नाय."

"म्हनून नाय इचारलं."

छाया या घरची थोरली सून. पाच वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून थोरला मुलगा भारत गेला तेव्हा छाया चोवीस वर्षांची होती आणि पूजा दोन वर्षांची. पुढची तीन वर्षं छायाने याच घरात काढली. पहाटे सासऱ्याच्या बरोबरीने गुलाब तोडले, दिवसा सासूच्या बरोबरीने घर ओढलं. मग एक दिवस नवसाबाईच म्हणाल्या की या पोरीचं आपण लग्न करून देऊ. भावकीत महिनाभर त्याचीच चर्चा होती. खंडेरावांनी दोन दिवस विचार करून हो म्हटलं होतं. स्थळ महेशनेच शोधलं. नांदगावचा शेखर खैरनार. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, घरी एक म्हातारी आई, लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय बारीक राहिलेला, म्हणून पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचा. माणूस सरळ, कमी बोलणारा. लग्न त्र्यंबकेश्वरला दहा-अकरा माणसांत लागलं. खंडेराव गेले नाहीत. मळ्याला पाणी भरायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती, मोटार चालणारच नव्हती, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिला तिचं म्हायेर हाय की," खंडेराव म्हणाले. "गोटीराम हाय. भाऊ हाय सख्खा."

"गोटीरामनं लग्न झाल्यापासून बहिनीला दारात घेतलं नाय, हे तुम्हाला म्हाईत नाय का? परवा फोन केला मी तिला. हिकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. बोलता बोलता म्हनली, शेजारच्या बाया इचारू ऱ्हायल्या, तुम्हाला धोंड्याला कधी बोलावलं म्हनून. मंग तू काय सांगितलं, म्हनलं. तर म्हनती, माझं म्हायेर लय लांब हाय, आसं सांगितलं. मला काय तेवढं ऐकून फोन ठेवता आला नाय."

"मंग आपन तिचं म्हायेर?"

"लगीन लावून दिलं कोनी?"

खंडेरावांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "जेऊ घाल. लुगडं-चोळी कर. मी कशाला नाय म्हनतोय. पोरगी आपलीच हाय. पन त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे... माझ्या भारतच्या जागी मी..."

"भारतच्या जागी कोन बसवतंय?" नवसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मैनाच्या नवऱ्याच्या शेजारी बसवते मी त्याला."

"तू धू पाय. मला नको बोलावू."

"पाय जोडीनं धुत्यात. एकटीनं धुवायला तुम्ही काय परगावी गेले का?"

आतून भाग्यश्रीने हाक मारली, डाळ शिजली म्हणून, आणि नवसाबाई उठून गेल्या. खंडेराव गार चहा पिऊन तसेच बसून राहिले. बायको चुकली असं त्यांना म्हणता येत नव्हतं. तिचं बरोबर होतं हेच तर अवघड होतं.

दहाच्या सुमारास पुंजारामची जीप आली. पुंजाराम विंचूरच्या बाजारातला कांद्याचा व्यापारी. अंगाने भरलेला, पांढऱ्या कपड्यांतला, मोकळ्या स्वभावाचा आणि मानपानाच्या बाबतीत हळवा. त्याने कांद्याची गोणी स्वतः उतरवली, सासूला नमस्कार केला, भाग्यश्रीची थट्टा केली, आणि खुर्चीवर बसून टोपी काढली. मैना आत गेली. थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा ती कोणाकडेच बघत नव्हती. नवऱ्याच्या कानाशी वाकून तिने काहीतरी सांगितलं. पुंजारामने टोपी परत डोक्यावर घातली.

"मामा," तो म्हणाला, "जरा मळ्यात चक्कर टाकू."

दोघे गुलाबाच्या वाफ्यांमधून चालू लागले. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. तोडणीनंतर राहिलेल्या कळ्या तेवढ्या झाडांवर दिसत होत्या. पुंजाराम बांधावर थांबला.

"मी मानाचा भुकेला नाय, मामा. तुम्हाला म्हाईत हाय."

खंडेरावांनी मान हलवली.

"पन जावई म्हंजे पोटच्या पोरीचा नवरा. सुनेचा नवरा जावई, आसं कुठं ऐकलंय का? उद्या विंचूरला चार लोक मला इचारतील, तुमचे साडू कोन म्हनून. मी काय सांगू?"

"मलाबी पटलं नाय," खंडेराव म्हणाले. कोणीतरी आपल्या बाजूचं आहे याने त्यांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. "पन तुमच्या मामींच्या पुढं बोलून उपेग नाय."

"तुम्ही ठाम ऱ्हा. मी हाय तुमच्या बरुबर. जेवनं होऊ द्या, पाय धुवायचं तेवढं टाळू. माझेबी नका धुऊ. पाय दुखतो म्हना, कंबर दुखती म्हना." पुंजारामला आता हुरूप आला होता. "आज पाटावर बसला की उद्या सगळ्यात पुढं. पूजाच्या लग्नपत्रिकेवर बाप म्हनून त्याचंच नाव छापून येनार. भारतरावांचं नाव संपलंच म्हना की."

खंडेराव वाकले आणि उगाच एका झाडाची वाळकी काडी मोडू लागले. पुंजाराम जे बोलला ते त्यांच्या स्वतःच्या मनात दोन वर्षं होतं. तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र ते त्यांना आवडलं नाही.

"चला," ते म्हणाले. "येत्याल ते."

ते आले साडेअकराला. फाट्यावर बस सोडून रिक्षाने. पूजा रिक्षातून उडी मारून आधी भाग्यश्रीच्या पोटाला जाऊन बिलगली, मग आजीला, मग ओट्यावर येऊन "आबा, मी दुसरीत गेले," असं सांगून गेली. छायाच्या मागून शेखर आला, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे आणि बूट. खंडेरावांना त्याने वाकून नमस्कार केला.

"या पाव्हणे," खंडेराव म्हणाले. दोन वर्षांत ते त्याला दोनदा भेटले होते आणि दोन्ही वेळा हेच म्हणाले होते.

छाया पदर खोचून सवयीने सरळ चुलीकडे निघाली. नवसाबाईंनी तिला दंडाला धरून थांबवलं. "आज तू पाव्हणी हायेस. मैनापाशी बस."

"आत्याबाई, पुरण वाटायचं असेल ना अजून?"

"भाग्यश्रीनं वाटलं. बस म्हनते ना."

छाया बसली खरी, पण हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. मग मैनाने लसणाची पाटी तिच्या पुढे सरकवली आणि दोघी लसूण सोलू लागल्या. थोड्या वेळाने खंडेरावांना आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. मैना तिला "वहिनी"च म्हणत होती. दुसरं काय म्हणायचं हे तिलाही सुचलं नसावं.

बाहेर पुंजाराम आणि शेखर समोरासमोर बसले होते. महेश बाजारातून आला होता आणि दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडचं बोलत होता. कांद्याचा भाव, नांदगावचं पाणी. शेखर विचारलेल्याला उत्तर देत होता. पुंजाराम विचारत नव्हता.

पूजा दप्तर घेऊन खंडेरावांपाशी येऊन बसली. उद्या शाळा होती आणि शुद्धलेखन राहिलं होतं. तिने दप्तरातून एकेक करून वह्या काढल्या आणि त्यातली हवी ती शोधू लागली. सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं होती आणि प्रत्येक कव्हरावर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली. खंडेरावांनी सहज एक वही हातात घेतली. चष्मा आत होता, म्हणून वही लांब धरून त्यांनी वाचलं.

कु. पूजा भारत जेजुरकर. इयत्ता दुसरी, तुकडी अ.

त्यांनी दुसरी वही घेतली. तिसरी घेतली. सहा वह्या होत्या. अक्षर मोठं, ठसठशीत, दुकानाच्या पाटीवर रंगवावं तसं.

"हे कोनी लिहिलं गं?"

"पप्पांनी," पूजा मान वर न करता म्हणाली. "मम्मीचं अक्षर तिरपं येतं. दर वर्षी पप्पाच लिहितात. आधी पेन्सिलनी लिहितात आणि मग पेननी."

"शाळेत हेच नाव हाय?"

"हो. पहिलीत नाव घालताना सर म्हणले, आता नवीन नाव लिहायचं का. पप्पा म्हणले, नाही, आहे तेच." तिने एक ओळ पुरी केली आणि पुढच्या ओळीला बोट लावलं. "आबा, 'श्रावण' मधला 'ण' असाच ना?"

"आसाच," खंडेराव म्हणाले. त्यांना अक्षर दिसत नव्हतं.

वह्या त्यांनी एकावर एक नीट रचून ठेवल्या. मग उठले. शेखर मोरीपाशी हात धुवायला गेला होता. तो परत यायला वळला तेव्हा खंडेराव वाटेत उभे होते.

"वह्यांवर नाव तुम्ही लिहिलं?"

शेखरच्या चेहऱ्यावर एकदम काळजी दिसली. "चुकलं का काही? आडनाव मी महेशभाऊंना विचारून..."

"चुकलं नाय."

शेखरला वाटलं असावं की आपण काहीतरी सांगायला हवं. "कागद बदलून मिळतील म्हणाले होते शाळेत. मीच नको म्हटलं. नाव तिचं आहे, तिच्या वडिलांचं आहे. ते मी कसं काढणार? घरी ती मला पप्पा म्हणते. लग्न होईल असंही मला कधी वाटलं नव्हतं. मला तेवढं खूप आहे."

दोन वर्षं आपण या माणसाला पाव्हणा म्हणून लांब ठेवत आलो, आणि तिकडे हा बसून पेन्सिलने आपल्या मुलाचं नाव लिहीत होता, आधी पेन्सिलने आणि मग पेनने, एवढंच खंडेरावांच्या डोक्यात फिरत होतं.

"आत चला," शेवटी ते म्हणाले. "पानं घेतीलच आता."

माजघरात भाग्यश्रीने रांगोळी काढून एक पाट मांडला होता. दुसरा पाट भिंतीला टेकवून उभा होता, आणि त्याच्यापुढची रांगोळी अर्धी सोडलेली होती. काय होईल याचा अंदाज घेत तिने हात आवरता घेतला असणार. भिंतीवर भारतचा फोटो होता, सकाळीच घातलेला गुलाबाचा हार अजून टवटवीत होता. नवसाबाई पितळी परात आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पुंजाराम दारात येऊन थांबला आणि त्याने खंडेरावांकडे बघून भुवई उंचावली. ठरलं होतं ते आता बोला, असा त्याचा अर्थ होता.

खंडेरावांनी भिंतीचा पाट उचलला आणि पहिल्याच्या शेजारी, जरा खाली, ठेवला. मग भाग्यश्रीला म्हणाले, "रांगोळी पुरी कर, पोरी."

घरात कोणी हललं नाही. भाग्यश्रीच तेवढी वाकली आणि चिमटीने रांगोळी सोडू लागली.

"बापू," खंडेराव पुंजारामला म्हणाले, "पयला मान तुमचा. तो ह्या घरात कोनी हलवनार नाय. पन दुसरा पाट आज मी मांडलाय. तुम्हाला बसायला अवघड वाटत आसंल तर तसं सांगा, राग नाय. तुमचं वाण मी सोता विंचूरला घेऊन येईन, तुमच्या दारात पाय धुईन. पन ह्यो पाट मी आता उचलनार नाय."

पुंजारामचा चेहरा लाल झाला. मळ्यातलं बोलणं त्याच्या ओठांवर होतं, पण सगळ्यांदेखत ते काढण्याइतका तो हलका माणूस नव्हता. तो तसाच दारात उभा राहिला. तेव्हा मैना बोलली. ती छायाच्या शेजारी उभी होती आणि आवाज तिने मुळीच चढवला नाही.

"माझी दोन्ही बाळंतपनं ह्या घरात झाली. सव्वा सव्वा महिना मला न्हाऊ घातलं ते वहिनीनं. दुसऱ्या वेळी तर भारतदादाला जाऊन चारच महिने झाले होते. तवा तुम्ही बघायला यायचे, वहिनीच्या हातचं जेवायचे. ती तुमची कोन लागती हे तवा नाय इचारलं."

पुंजारामने मैनाकडे पाहिलं, मग छायाकडे. छाया खाली मान घालून साडीच्या काठाचा धागा ओढत होती.

"मी कुठं काय म्हनलो," पुंजाराम म्हणाला. त्याने चपला काढल्या, टोपी नीट केली आणि पहिल्या पाटावर जाऊन बसला. मग मागे वळून शेखरला म्हणाला, "या हो. उभं काय ऱ्हायले? पुरन गार झालं की मामी मला बोलतील."

पुंजारामचे पाय धुऊन झाले. नवसाबाईंनी पाणी ओतलं, खंडेरावांनी धुतले, पंच्याने पुसले, कुंकू लावलं. परात शेखरच्या पुढे सरकली. शेखरने मोजे काढले होते. पाटावर बसून त्याने उजवा पाय परातीत ठेवला आणि डावा मागे, पाटाखाली घेतला. खंडेरावांनी उजवा पाय धुतला, पुसला, आणि हात तसेच परातीवर धरून थांबले.

"झालं," शेखर हलकेच म्हणाला. "एवढं पुरे."

"दुसरा द्या."

"नको. तो... बघण्यासारखा नाही."

"द्या, जावईबापू."

शेखरने एकदा छायाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी डाव्या पायाची पोटरी धरून त्याने तो उचलला आणि परातीत ठेवला. मनगटाएवढी पोटरी, आत वळलेला पंजा. नवसाबाईंनी पाणी जास्तच हळू सोडलं. खंडेरावांनी तो पाय तळहातावर घेतला. उभी हयात त्यांची गुलाबाची कलमं बांधण्यात गेली होती. कलमाच्या कोवळ्या डोळ्याला धक्का लागू नये म्हणून हात कसा धरायचा हे त्यांच्या बोटांना माहीत होतं, आणि बोटांनी आपसूक तसंच धरलं.

पूजा परातीजवळ येऊन उकिडवी बसली होती. "आबा, जपून. पप्पांना त्या पायाला लय गुदगुल्या होतात."

आधी पुंजाराम हसला. मग महेश. मग शेखरसुद्धा, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले तेव्हा कोणी तिकडे मुद्दाम पाहिलं नाही. खंडेरावांनी पाय पुसला, कुंकवाचं बोट लावलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. उठताना त्यांची नजर भारतच्या फोटोवर गेली. त्यांना वाटलं होतं की या वेळी तिकडे बघवणार नाही. पण बघवलं. भारतला हा माणूस आवडला असता, असं त्यांच्या मनात आलं.

नवसाबाईंनी दोघांना ओवाळलं. तेहेतीस अनारशांची दोन ताटं, वर तेवता दिवा, एक मैनाच्या हातावर आणि एक छायाच्या. दोघींच्या ओट्या भरल्या. छायाने ताट धरलं तेव्हा दिव्याची ज्योत हलत होती. मैनाने एका हाताने तिच्या ताटाला खालून आधार दिला.

मग जेवणं झाली. पुरण भरून वाफवलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, सोबत झणझणीत आमटी, कुरडया, भजी. पुंजाराम आता पुरता खुलला होता. दोन घास झाल्यावर त्याने शेखरच्या शिकवणीची सूत्रं हातात घेतली.

"तुम्ही नवीन हाये, म्हनून सांगतो. जावयानं पयल्या वाढनीला नको म्हनायचं नाय. दुसऱ्या वाढनीला नको म्हनायचं, पन ताटावर हात नाय धरायचा. हात धरला की सासू खरंच थांबती."

"आणि तिसऱ्या वाढणीला?" शेखरने विचारलं.

"तिसरीला मान खाली घालून खायचं. कोन वाढतंय बघायचं नाय."

"दाजी, पाचवीलाही तसंच करतात," भाग्यश्री वाढता वाढता म्हणाली, आणि पुंजारामच्या ताटात आणखी एक धोंडा पडला.

शेखरने चार धोंडे खाल्ले. छाया दारातून बघत होती. नांदगावला दीड पोळीवर उठणारा माणूस, असं तिने हळूच नवसाबाईंना सांगितलं. नवसाबाईंनी ऐकून घेतलं आणि पाचवा वाढायला गेल्या.

जेवणानंतर पुंजारामने शेखरला शेजारी बसवून घेतलं. विंचूरला त्याच्या गोण्या शिवायच्या मशीनचा दोरा सारखा तुटत होता, त्याचं काय करावं हे विचारायला. शेखर सांगू लागला आणि पुंजाराम, ज्याला कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, मान डोलवत ऐकत राहिला. पुढच्या रविवारी विंचूरला या, असं ठरलं. मुक्कामालाच या, असं मैनाने आतून सांगितलं.

चार वाजता नांदगावची मंडळी निघाली. शेखरला आणि पूजाला महेशने मोटारसायकलवर फाट्याकडे नेलं. अनारशांचा डबा पूजाच्या मांडीवर होता आणि तिने तो दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही. छाया चालत निघाली. खंडेराव म्हणाले, मी येतो फाट्यापर्यंत. नवसाबाईंनी त्यांची टोपी आणून दिली.

रस्ता मळ्यांमधून जात होता. दोन्ही बाजूंनी भाजीपाल्याचे वाफे, मधेच कोणाचं गुलछडीचं रान. छाया सासऱ्याच्या अर्ध्या पावलाने मागे चालत होती, पूर्वी पहाटे मळ्यात जाताना चालायची तशी.

"छाया."

"हां, मामा."

"लग्नाला मी आलो नाय."

"मला माहीत आहे, मामा. लाइट नव्हती."

खंडेरावांनी मान वळवून पाहिलं. ती हसू दाबत होती. त्यांनाही हसू आलं, आणि पुढचं बोलायला सोपं गेलं.

"एक सांगायचं होतं. आता तू मला मामा नको म्हनू. मैना म्हनती तसं नाना म्हन. आज म्हायेरपन केलं, तर ते पुरं करू."

छाया खाली बघत चालत राहिली. ती रडते की काय असं त्यांना वाटलं, पण ती विचार करत होती.

"नको, मामा," ती म्हणाली.

"का गं?"

"ह्या घरात आले त्या दिवशी पूजाच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, नानांना मामा म्हणायचं. ते मला त्यांच्याकडून मिळालेलं आहे. नाना म्हटलं की ते सुटल्यासारखं होईल." मग जरा धीर करून तिने पुढे सांगितलं. "आणि आता हे पण तुम्हाला मामाच म्हणणार ना. सासऱ्याला मामाच म्हणतात. माझे मामा, त्यांचे पण मामा. मग बदलायचं कशाला?"

खंडेरावांनी यावर काही वेळ विचार केला. दोष काढायला त्यांना काही सापडलं नाही.

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले. "मामाच म्हन."

फाट्यावर बस लगेच मिळाली. पूजाने खिडकीतून हात हलवला. शेखर दांड्याला धरून चढला, बसायच्या आधी वाकून खिडकीशी आला आणि म्हणाला, "येतो, मामा." बोलून झाल्यावर कानापर्यंत लाल झाला. बस सुटली. महेश मोटारसायकल वळवून उभा राहिला. नाना, बसा मागं, म्हणाला.

"तू व्हय पुढं," खंडेराव म्हणाले. "मी येतो चालत."

ते रमतगमत निघाले. अर्ध्या वाटेवर भावकीतला लहानू बैलांना पाणी दाखवून येत होता. खंडेरावांच्या अंगावरचा नवा सदरा त्याने वरपासून खालपर्यंत पाहिला.

"आज लय गडबड दिसली तुमच्याकडं," लहानू म्हणाला. "कोन पाव्हणे आलते?"

"धोंडा होता. जावई आलते," खंडेराव म्हणाले, आणि चालता चालताच पुढे सांगितलं, "दोघंबी."